नोकिया एन९०० : मूळ माएमो ठेवावी की नवी लिनक्स टाकावी?

खटपट्या | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. माझ्याकडे नोकिया एन९०० आहे, चालू स्थितीत. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: २००९ च्या शेवटी आलेला, साडेतीन इंची ८००×४८० पडदा, खालून बाहेर सरकणारा किबोर्ड, ६०० मेगाहर्ट्झचा ओमॅप ३४३० प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि आत ३२ जीबी. नोकियाने याला फोन न म्हणता मोबाईल कॉम्प्युटर म्हणून विकलं होतं, आणि ते खरंही होतं. आत डेबियन लिनक्सच्या वळणाची माएमो ५ ही सिस्टिम आहे, टर्मिनल पहिल्या दिवसापासून सोबत.

आता अपेक्षा सांगतो. घरच्या छोट्या सर्व्हरवर एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) करता यावं आणि गाडीत-गच्चीत बसून मराठीत चार ओळी लिहिता याव्यात. बस्स. व्हॉट्सअॅप नको, यूट्यूब नको.

पर्याय तीन दिसतात: आहे ती माएमो, डेव्हुआन लिनक्सवर बेतलेली माएमो लेस्ते, आणि अल्पाइन लिनक्सवर बेतलेली पोस्टमार्केटओएस. कोणी यातलं काही प्रत्यक्ष वापरलंय का? मूळ सिस्टिम पुसायला मन होत नाही, हेही सांगून ठेवतो.

उंटावरचा_शहाणा | शनिवार, सकाळी १०:२०

ई-कचऱ्यात द्या. सुटाल.

गप्पिष्ट | शनिवार, सकाळी १०:३१

यूपीआय चालेल का त्यावर?

बोरिवली_स्लो | शनिवार, सकाळी १०:३३

@गप्पिष्ट, चालेल की. तुम्ही चालत बँकेत गेलात तर.

मेघना_क | शनिवार, सकाळी ११:०५

खटपट्या, मूळ सिस्टिम पुसायची गरजच नाही. एन९०० ची सगळ्यात सुखाची गोष्ट ही की मायक्रोएसडी कार्डावरून दुसरी सिस्टिम चालवता येते. माएमोमध्येच यू-बूट हा बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्राम) बसवायचा. मग किबोर्ड मिटलेला ठेवून चालू केला की नेहमीची माएमो येते, किबोर्ड बाहेर सरकवून चालू केला की मेनू येतो आणि कार्डावरची सिस्टिम निवडता येते. कार्ड काढून टाकलं की जैसे थे.

दुसरं, माएमोवर एसएसएचचं जे जुनं पॅकेज आहे ते आजच्या सर्व्हरशी बोलताना अडखळतं. सर्व्हरवर चालणाऱ्या ओपनएसएसएचने ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, एसएचए-१ वाल्या जुन्या आरएसए सह्या (ओळख पटवायची जुनी, कमकुवत पद्धत) नाकारायला सुरुवात केली. सर्व्हर तुमचाच आहे म्हणून तुम्ही त्याच्या सेटिंगमध्ये जुनं चालू करू शकता, पण एका खेळण्यासाठी सर्व्हरचं दार सैल करणं मला पटत नाही. तुमच्या पहिल्या कामासाठी नवी सिस्टिम हवीच, असं माझं मत.

सातारी_कंदी | शनिवार, सकाळी ११:१८

मेघनाताईंना +१. ब्राउझरचीही तीच रड. माएमोचा ब्राउझर टीएलएस १.० (साइटशी सुरक्षित जोडणीची जुनी पद्धत) च्या काळातला, आजच्या बहुतेक साइट हात मिळवतानाच पाठ फिरवतात.

तारेवरचा | शनिवार, सकाळी ११:४०

थोडा विरोध नोंदवतो.

या यंत्रात आजच्या फोनमध्ये सहसा नसलेल्या तीन गोष्टी आहेत: खरा किबोर्ड, एफएम ट्रान्समीटर आणि इन्फ्रारेड. एफएम रिसीव्हर नव्हे, ट्रान्समीटर! फोनमधलं गाणं खोलीतल्या कुठल्याही रेडिओवर लावता येतं. आमच्याकडे आजोबांच्या फिलिप्सच्या रेडिओवर मी अजून भीमसेन लावतो, केबल नाही की ब्लूटूथ नाही. इन्फ्रारेडवरून टीव्ही चालतो. आणि ३.५ च्या जॅकमधून टीव्हीला चित्रही देता येतं.

हे सगळं विनातक्रार कुठे चालतं? मूळ माएमोवर. नवी सिस्टिम टाकली की तुम्हाला ताजं कर्नल (सिस्टिमचा गाभा) मिळतं, ताजी प्रमाणपत्रं मिळतात, आणि ज्यासाठी हे यंत्र जपून ठेवलं त्यातलं निम्मं हातातून जातं. ग्राफिक्सची चिप पॉवरव्हीआर, तिचे ड्रायव्हर बंद पेटीतले, त्यामुळे माएमोत जसं पानामागून पान सरकतं तसं नव्यात सरकेल ही आशा ठेवू नका. कॅमेऱ्याचं तर नावच काढू नका.

एसएसएचच हवं असेल तर पाच हजाराचा जुना अँड्रॉइड घ्या.

मेघना_क | शनिवार, दुपारी १२:०२

तारेवरचा, पण त्यांनी एफएम मागितलंच नाहीये ना! त्यांना टाइप करायचंय. पाच हजाराच्या अँड्रॉइडला किबोर्ड कुठून आणणार? ब्लूटूथचा घडीचा किबोर्ड म्हणाल तर तो मांडीवर टिकत नाही.

आणि निवड करायची वेळच येत नाही. माएमो आत, नवी कार्डावर. एफएम हवं तेव्हा किबोर्ड मिटून चालू करा.

उंटावरचा_शहाणा | शनिवार, दुपारी १२:१०

थोडक्यात एका बंद पडलेल्या सिस्टिमच्या जोडीला दुसरी अर्धवट सिस्टिम. वाह.

पिंपळपान | शनिवार, दुपारी १२:४४

शहाणेसाहेब, तुम्ही धाग्यावर तिसऱ्यांदा आलात तर तुम्हालाच एक एन९०० भेट देऊ.

अण्णा_जुने | शनिवार, दुपारी ३:२५

धागा वाचून जुने दिवस आठवले. मुलांनो, तुमचं हे कार्डावरून चालवणं म्हणजे चैन आहे.

२००० साली कॉम्पॅकचा आयपॅक एच३६०० आला. २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म, ३२ एमबी रॅम, १६ एमबी फ्लॅश. आत मायक्रोसॉफ्टची पॉकेट पीसी. कॉम्पॅकच्याच केंब्रिजच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या मंडळींनी त्यावर लिनक्स चालवली आणि हँडहेल्ड्स डॉट ऑर्ग हे संस्थळ सुरू केलं. त्यातून आलेली सिस्टिम म्हणजे फॅमिलियर. वर पडद्यावरचे दोन तोंडवळे: जीपीई आणि ओपी. त्यावरूनही भांडणं व्हायची, तुमच्यासारखीच.

पण बसवायची कशी, ते ऐका. आधी विंडोजमधून एक प्रोग्राम चालवून मूळ बूटलोडरच पुसायचा आणि त्या जागी नवा लिहायचा. त्या काही सेकंदांत बॅटरी गेली किंवा हात लागून रीसेट झाला, तर यंत्र मेलं. परत जिवंत करायचं तर बोर्डावर जेटॅगच्या (थेट चिपशी बोलायच्या) तारा लावायच्या, आणि ते येणारा माणूस गावात शोधायचा. बूटलोडर सुखरूप बसला की सिरियल केबल लावून १,१५,२०० च्या वेगाने वायमोडेम या फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने आख्खी सिस्टिम पाठवायची. चहा, जेवण, झोप, सगळं उरकून व्हायचं. आणि मूळ पॉकेट पीसीत तर तुमचा सगळा डेटा रॅममध्ये! बॅटरी पूर्ण उतरली की पत्ते, नोंदी, सगळं स्वाहा. लिनक्स टाकल्यावर फाइली जेएफएफएस२ या फाइल-रचनेत, फ्लॅशवर, म्हणजे बॅटरी गेली तरी राहायच्या. लोक लिनक्सकडे वळायचं ते एक मोठं कारण होतं. तत्त्वज्ञान नंतर.

कोकणकडा | शनिवार, दुपारी ३:४०

अण्णा, दंडवत! अजून लिहा ना. स्वतंत्र धागा होईल.

बोरिवली_स्लो | शनिवार, दुपारी ३:५२

रच्याकने (जाता जाता), आपला सिम्प्युटर हा हातातला कॉम्प्युटर आठवतोय का कुणाला? बंगळुरूच्या आयआयएससीतल्या लोकांचा. तोही स्ट्राँगआर्म, तोही लिनक्स, आणि २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने अमिडा नावाने बाजारात आणला. हलवला की कळायचं त्याला, आत अॅक्सेलरोमीटर होता. आयफोनच्या तीन वर्षं आधी.

गप्पिष्ट | शनिवार, दुपारी ३:५८

आणि विकला गेला का?

बोरिवली_स्लो | शनिवार, संध्याकाळी ४:०१

प्रश्न अवघड विचारता बुवा.

संपादक_मंडळ | शनिवार, संध्याकाळी ४:३०

अवांतर आवडलं, पण धागा एन९०० चा आहे. आयपॅक आणि सिम्प्युटरसाठी वेगळा धागा काढावा.

खटपट्या | शनिवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. मेघनाताईंचं पटलं, कार्डावरूनच करतो. आता तीन शंका.

एक, यू-बूट बसवताना काही बिनसलं तर फोन कायमचा जाईल का? अण्णांनी घाबरवलंय.
दोन, बॅटरी फुगलीये, नवी कुठे मिळेल?
तीन, सिम चालेल का? चाललं तर बरं, नाही तर राहू दे.

सातारी_कंदी | शनिवार, रात्री ९:४४

एक: एन९०० कायमचा घालवणं अवघड आहे. फोन बंद करायचा, किबोर्डवरची यू कळ दाबून धरायची आणि यूएसबी केबल लावायची. नोकियाचं नाव आणि वरच्या कोपऱ्यात यूएसबीची खूण दिसली की तो फ्लॅशिंगला (आतली सिस्टिम नव्याने लिहायला) तयार. पीसीवरून नोकियाचा फ्लॅशर ३.५ किंवा झिरो एक्स एफएफएफएफ नावाचं मुक्त साधन वापरून मूळ माएमो परत टाकता येते. बूटलोडरच बिघडला तरी कोल्ड फ्लॅशिंगची सोय आहे, कारण प्रोसेसरच्या रॉममधला कोड पुसता येत नाही. मूळ सिस्टिमची शेवटची आवृत्ती पीआर १.३.१, ती फाइल आधी उतरवून ठेवा, मग काय ते प्रयोग करा.

मात्र फ्लॅशिंग चालू असताना यूएसबीवर बॅटरी चार्ज होत नाही. म्हणून बॅटरी आधी भरलेली हवी. पूर्ण मेलेल्या बॅटरीचा एन९०० शुद्धीवर आणताना नाकीनऊ येतात. आणि केबल लावता-काढताना जोडाला आधार द्या. मायक्रोयूएसबीचा सॉकेट बोर्डावर नुसत्या डागाने चिकटवलेला आहे, जोर लागला की डाग सुटतो. यूएसबी गेलं की फ्लॅशिंग गेलं.

दोन: बीएल-५जे. हीच बॅटरी नोकिया ५२३३ ला होती, ल्यूमिया ५२० लाही होती, त्यामुळे अजून मिळते. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. वजनाला हलकी लागली तर घेऊ नका. फुगलेली मात्र आजच काढा, ती घालून प्रयोग नकोत.

निवांत | शनिवार, रात्री १०:०५

तीन: जिओ विसरा, त्यांचं जाळं ४जी-५जीच आहे, एन९०० ला ते येत नाही. एअरटेलने ३जी बंद केलं पण २जी ठेवलंय, त्यावर बोलता येतं. बीएसएनएल चालेल. सिमची खाच मोठ्या मापाची आहे, नॅनो सिमला अॅडॅप्टर लागेल. माझ्या मते सिमशिवायच वापरा. वायफायही २.४ गिगाहर्ट्झचंच आहे, राउटरवर ५ चं नाव वेगळं ठेवलं असेल तर तिथे शोधत बसू नका.

हेल्सिंकीकर | रविवार, पहाटे २:२०

इकडून राम राम. इथे फिनलंडमध्ये या फोनबद्दल अजून हळवेपणा आहे. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाने विंडोज फोनचा रस्ता धरला आणि माएमो व तिच्या पुढची मीगो यांची वाट तिथेच संपली. त्यातून बाहेर पडलेल्या लोकांनी योला ही कंपनी काढली आणि सेलफिश ही सिस्टिम आणली. इथल्या जुन्या वस्तूंच्या साइटवर एन९०० अजून दिसतो आणि विकणारा भाव खाली आणत नाही.

मी लेस्ते वापरतो. तोंडवळा माएमोचाच, तोच हिल्डन डेस्कटॉप, त्यामुळे बोटांची सवय मोडत नाही. खालचं सगळं मात्र नवं. लेस्तेचा खरा जोर मोटोरोला ड्रॉइड ४ सारख्या १ जीबी रॅमच्या यंत्रांवर दिसतो, एन९०० च्या २५६ एमबीत तिचा श्वास लागतो. माएमो ५ सुद्धा ७६८ एमबी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची साठवणीतली जागा) धरूनच चालायची, हे विसरू नका. कार्डावर स्वॅप ठेवलं तर कार्ड चांगलं घ्या. स्वस्त कार्डावर लेस्ते चालवणं म्हणजे स्वतःच्या सहनशक्तीची परीक्षा.

आणि बॅटरी माएमोइतकी टिकत नाही. माझा फोन रात्री बंदच करतो.

मेघना_क | रविवार, सकाळी ९:१०

मी पोस्टमार्केटओएसच्या बाजूची. खटपट्यांना टर्मिनल आणि एडिटरच हवाय, तर हिल्डनचा भार कशाला? त्यात एन९०० साठी आयथ्री हा खिडक्या मांडणारा हलका मॅनेजर आहे, सगळं किबोर्डवरून चालतं. पडद्यावर बोट लावायची वेळच येत नाही. सिस्टिम तयार करायला पीसीवर लिनक्स हवी, पीएमबूटस्ट्रॅप नावाचं साधन चार प्रश्न विचारतं आणि कार्डावर लिहून देतं.

लेस्तेची आयती प्रतिमा (आख्ख्या सिस्टिमची फाइल) मिळते, ती डीडी या लिनक्सच्या आदेशाने कार्डावर टाकायची. डीडी वापरताना कुठल्या डिस्कवर लिहितोय ते दोनदा वाचा. कार्डाच्या जागी एसडीए (लॅपटॉपच्या डिस्कचं नाव) लिहून लॅपटॉपची डिस्क उडवलेली माणसं मी पाहिलीत.

अर्धवट_अभियंता | रविवार, सकाळी ९:३२

पण मराठीचं काय? एवढ्या प्रतिसादांत धागाकर्त्याच्या दुसऱ्या अपेक्षेवर कोणी बोललंच नाही.

तारेवरचा | रविवार, सकाळी ९:५०

अक्षरं दिसायची अडचण नाही, नोटो देवनागरी किंवा लोहित फॉन्ट टाका. अडचण टर्मिनलमध्ये. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. मराठी लिहायला ग्राफिकल एडिटरच लागेल.

लिहायचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण किबोर्ड मांडणी घ्या. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्समध्ये आयती आहे.

अर्धवट_अभियंता | रविवार, सकाळी १०:१४

इनस्क्रिप्ट या किबोर्डवर मावत नाही हो! एन९०० ला अक्षरांच्या तीनच रांगा. आकड्यांची रांग नाही, चौकटी कंस नाहीत, अर्धविरामाची वेगळी कळ नाही, तिरपी रेघ नाही. आता इनस्क्रिप्टमध्ये त्या कळांवर काय आहे पाहा: चौकटी कंसावर ड-ढ, अर्धविरामावर च-छ, अवतरणाच्या कळीवर ट-ठ, तिरप्या रेघेवर य. बरोबरच्या चिन्हावर ृ, उलट्या रेघेवर ॉ. म्हणजे "चटणी" लिहिता येणार नाही, "आई येते" लिहिता येणार नाही, "कृपया" तर सोडाच.

कोकणकडा | रविवार, सकाळी १०:१९

ठ्ठो! ठ सुद्धा नाही म्हणजे ठ्ठो पण नाही.

मेघना_क | रविवार, सकाळी १०:४०

म्हणूनच मी ईमॅक्स हा एडिटर वापरते. त्यात देवनागरी-आयट्रान्स ही लेखनपद्धत आतच आहे, वेगळं आयबस-बियबस काही लागत नाही. रोमनमध्ये टाइप करा, देवनागरी उमटते. ईमॅक्स एकेकाळी मेमरीखाऊ म्हणून बदनाम होता, आजच्या ब्राउझरपुढे तो अगदी अल्पाहारी. टर्मिनलमधला नको, खिडकीतला बसवा.

अर्धवट_अभियंता | रविवार, सकाळी ११:०२

ताई, इनस्क्रिप्टची सवय असलेल्या बोटांना रोमन म्हणजे उलट्या हाताने जेवणं. त्यापेक्षा मांडणीच बदलू या. एक्सकेबीमध्ये (एक्सच्या किबोर्ड-मांडण्यांत) एन९०० चा स्वतःचा नकाशा आहे, आरएक्स-५१ या मॉडेल क्रमांकाने. त्याच्या शेजारी मराठी गट लिहायचा. फंक्शनच्या निळ्या कळीबरोबर: पी वर ज आहे म्हणून फंक्शन+पी ला च, ओ वर द आहे म्हणून फंक्शन+ओ ला ड, एल वर त आहे म्हणून फंक्शन+एल ला ट. शिफ्ट जोडला की छ, ढ, ठ. लक्षात ठेवायला सोपं.

सातारी_कंदी | रविवार, सकाळी ११:२०

सोपं खरं, पण वरच्या रांगेत फंक्शनवर आकडे आहेत. फंक्शन+ओ म्हणजे ९ आणि फंक्शन+पी म्हणजे शून्य. मराठी लिहिताना "१९९०" कसं लिहिणार?

अर्धवट_अभियंता | रविवार, सकाळी ११:२८

अरेच्चा. मग मधली रांग. फंक्शन+जे ला च, के ला ड, एल ला ट. तिथली चिन्हं मराठी गटात गेली तर जाऊ देत.

अण्णा_जुने | रविवार, दुपारी १२:०५

थांबा. इनस्क्रिप्टमध्ये मराठीला नको असलेल्या जागा आधी मोकळ्या करा. झेडवर ह्रस्व ए ची मात्रा आहे, ती दाक्षिणात्य भाषांसाठी. शिफ्ट+बी वर तमिळचा ऴ, शिफ्ट+व्ही वर खाली टिंब असलेला न. तिन्ही आपल्या कामाचे नाहीत. य हे अक्षर मराठीत पावलोपावली लागतं, त्याला फंक्शनची डबल कसरत नको, सरळ झेडवर टाका. ृ शिफ्ट+व्ही वर, ॉ शिफ्ट+बी वर. शिफ्ट+जे वरचा ऱ मात्र सांभाळा, "तऱ्हा" आणि "दुसऱ्या" त्याच्यावाचून होत नाहीत. क्ष, ज्ञ, त्र, श्र आकड्यांच्या रांगेबरोबर गेले, पण ते पाय मोडून जोडता येतात.

मेघना_क | रविवार, दुपारी १२:१२

अण्णा, _/\_ . इनस्क्रिप्टमध्ये यायचा विचार करतेय.

उंटावरचा_शहाणा | रविवार, दुपारी १२:३०

हे मात्र आवडलं. तिसऱ्यांदा आलोय, एन९०० पाठवा.

पिंपळपान | रविवार, दुपारी १२:३४

पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. बॅटरी तुमची तुम्ही घ्या.

खटपट्या | पुढचा शनिवार, रात्री ८:५०

उशिरा आलो, पण काम करून आलो. बॅटरी नवी घातली. माएमोच्या रिपॉझिटरींपैकी (पॅकेजं उतरवायच्या ठिकाणांपैकी) नोकियाचे स्वतःचे पत्ते केव्हाच बंद पडलेत, ते यादीतून काढून माएमो डॉट ऑर्गचे ठेवले, मग यू-बूट बसलं. बॅकअपमेनूने मूळ सिस्टिमची प्रतही काढून ठेवली. आधी लेस्ते टाकली. सुरू झाली, देखणी आहे, वायफाय लागलं, सर्व्हरवर गेलो. पण टर्मिनल उघडून दुसरी खिडकी उघडली की हेल्सिंकीकर म्हणतात तसा श्वास लागतो.

मग दुसऱ्या कार्डावर पोस्टमार्केटओएस. इथे अडलोय. मेनूत कार्ड दिसतं, कर्नल सुरू होतं, अक्षरं पळतात आणि मग म्हणतं रूट (सिस्टिमच्या फाइलींचा मुख्य भाग) सापडत नाही. कार्ड पीसीवर व्यवस्थित दिसतं.

सातारी_कंदी | शनिवार, रात्री ९:०२

मागचं झाकण लावलंय का?

खटपट्या | शनिवार, रात्री ९:०५

नाही, सारखं कार्ड बदलतोय म्हणून उघडंच ठेवलंय. त्याचा काय संबंध?

सातारी_कंदी | शनिवार, रात्री ९:११

आहे. झाकण उघडल्याचं ओळखायला आत सेन्सर आहे. उघडलं की माएमो कार्ड अनमाउंट करते, म्हणजे वापरातून सोडवते, कारण कार्ड काढायला झाकण उघडावंच लागतं. काही कर्नल हाच सेन्सर "कार्ड आहे की नाही" यासाठी वापरतात. झाकण उघडं म्हणजे कार्ड नाही. बसवा नीट आणि परत चालू करा.

खटपट्या | शनिवार, रात्री ९:२६

चालू झालं!!! _/\_ _/\_

बोरिवली_स्लो | शनिवार, रात्री ९:३०

"झाकण लावलंय का" हा आता या संस्थळावरचा अधिकृत प्रतिसाद जाहीर करावा.

तारेवरचा | शनिवार, रात्री ९:४८

अभिनंदन. आता किबोर्ड मिटून चालू करा, माएमो येऊ द्या, आणि घरातल्या रेडिओवर एफएम लावून दाखवा. मी माझं मत बदललेलं नाही.

खटपट्या | रविवार, दुपारी ४:१५

तारेवरचा, लावलं! स्वयंपाकघरातल्या रेडिओवर. घरात तुमचं नाव झालंय.

मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं ठरलं: आत माएमो, कार्डावर पोस्टमार्केटओएस आणि आयथ्री, लेस्तेचं कार्ड डबीत. एसएसएच झकास. ईमॅक्सही बसवला, आयट्रान्सने लिहून पाहिलं, पण हात इनस्क्रिप्टचाच आहे. म्हणून अण्णांची मांडणी एक्सकेबीत लिहिली. झेडवर य ही खरंच कमाल सोय आहे. ष स्वल्पविरामाच्या कळीवर शिफ्टने ठेवला, कारण स्वल्पविरामाला या किबोर्डवर स्वतःची कळ आहे. च, ट, ड मधल्या रांगेत फंक्शनवर. सुरुवातीला चच्या जागी र येत होता, आता बसलंय. दोन कळा एकदम दाबून मराठी-इंग्रजी बदलतं.

एकच खुपतंय: झोपवला तरी बॅटरी उतरते.

हेल्सिंकीकर | रविवार, संध्याकाळी ५:४०

वायफाय बंद करून झोपवा, फरक पडतो. तरी माएमोची बरोबरी होणार नाही. मूळ सिस्टिमचं वीज वाचवणं नोकियाने या हार्डवेअरवर खास बसवलं होतं.

निवांत | रविवार, संध्याकाळी ६:०२

किंवा जादा बीएल-५जे खिशात ठेवा. मागचं झाकण निघतं, बॅटरी बदलते, आजच्या किती फोनची टाप आहे?

सातारी_कंदी | रविवार, संध्याकाळी ६:०५

फक्त चालू असताना झाकण काढू नका :)

मेघना_क | रविवार, संध्याकाळी ६:३०

ती एक्सकेबीची फाइल इथे टाका ना. आणि ऱ तपासलात का? "दुसऱ्या" लिहून बघा.

खटपट्या | रविवार, संध्याकाळी ६:४४

तपासला, दुसऱ्या, तिसऱ्या, तऱ्हेवाईक, सगळं येतं. फाइल आज रात्री टाकतो, त्यात टिपा मराठीत लिहिल्यात.

कोकणकडा | रविवार, संध्याकाळी ७:१०

वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्याकडे नोकियाचाच एन८१० आहे, त्यालाही किबोर्ड आहे. ही फाइल त्यावर चालेल का?

अर्धवट_अभियंता | रविवार, संध्याकाळी ७:२५

एन८१० म्हणजे आरएक्स-४४, कळांची रचना वेगळी. नकाशा नव्याने बघावा लागेल. रॅमही १२८ एमबीच आहे त्याला, म्हणजे आधी कुठली सिस्टिम त्यावर उभी राहते तेच पाहावं लागेल. किबोर्डचा सरळ वरून काढलेला फोटो टाका आणि नवा धागा काढा, अण्णांना बोलावतो.

अण्णा_जुने | रविवार, संध्याकाळी ७:४०

आलोच. फोटोत फंक्शनवरची चिन्हं वाचता येतील असा काढा.